राज्य एक, कारभारी दोघे: असे स्ट्रॅटेजी गेम सुचवा

नमस्कार मंडळी,

प्रश्न नेमका आहे, पण तो कळायला थोडी मागची हकिगत सांगावी लागेल.

२००२ साली आमच्या सांगलीच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला. मी अकरावीला, दादा इंजिनीअरिंगला. माऊस एक, खुर्ची एक आणि एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा गेम. भांडणं नकोत म्हणून आम्ही वाटणी करून घेतली. पहिली वीस मिनिटं खुर्ची माझी. मेंढ्या शोधायच्या, लाकूडतोडे कामाला लावायचे, शेतं करायची, कासल एज, म्हणजे राज्याच्या प्रगतीचा तिसरा टप्पा, गाठायचं. हल्ल्याचं शिंग वाजलं की मी उठायचो आणि दादा बसायचा. तो लढायचा, मी मागे उभा राहून "लाकूड संपत आलंय", "वरच्या सोन्याच्या खाणीवर कुणीच नाही" असं सांगत राहायचो. त्याला गावकरी सांभाळायचा कंटाळा आणि मला लढाईत काही सुधरायचं नाही. दोघांचं मिळून मात्र छान जमायचं.

आता तो श्टुटगार्टला असतो, मी पुण्यात. गेल्या दिवाळीत आम्ही त्याच गेमची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, घेतली (ही २०१९ची). तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली. डाव सुरू करण्याआधी दोघांनी एकच खेळाडू क्रमांक निवडला, तर दोघांच्या हाती एकच राज्य येतं. तीच माणसं, तेच कोठार. मी इकडून गावकरी हलवतो आणि त्याच वेळी तो तिकडून घोडदळ नेतो. पहिल्या रविवारी हेडफोनवर त्याचा आवाज आला, "तू घर बघ, मी वेशीवर जातो." खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

तेव्हापासून दर रविवारी आमच्या संध्याकाळी सातला, म्हणजे त्याच्या दुपारी, बैठक असते. शत्रू म्हणून कॉम्प्युटर, आम्ही दोघं एका बाजूला. पण आता ओळखीचे सगळे नकाशे तोंडपाठ झालेत आणि दोघांनाही नवं काही हवंय.

काय काय करून पाहिलं ते सांगतो. एज ऑफ एम्पायर्स ४ माझ्या लॅपटॉपवर ग्राफिक्स अगदी खाली आणून चालला. त्यातली दिल्ली सल्तनत मला मनापासून आवडली. तिला संशोधनासाठी काही खर्च पडत नाही, पण वेळ फार लागतो आणि मशिदीत विद्वान बसवले की तो कमी होतो. पण त्यात आम्ही दोन वेगळी राज्यं घेऊन खेळलो. तो त्याच्या कोपऱ्यात, मी माझ्या. मजा निम्म्यावर आली. कंपनी ऑफ हीरोज (२००६चा, पहिला) दादाला प्रचंड आवडला. आडोसा धरणारे सैनिक, गोळीबाराखाली जमिनीला चिकटणारी तुकडी, सगळं जिवंत वाटतं. पण त्यात गावकरीच नाहीत. नकाशावरची ठाणी ताब्यात ठेवली की रसद आपोआप मिळते. मला करायला फारसं काही उरलं नाही.

तर हवं आहे ते असं: दोघांना मिळून एकच बाजू चालवता यावी, किंवा निदान फौज आणि माल एकमेकांना सहज देता यावा. घडी बसवण्याचं काम भरपूर हवं. वेग बेताचा हवा, कारण माझ्या उजव्या मनगटाचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी भराभर क्लिक करणं बंद करायला सांगितलंय. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पंधराशे रुपयांपर्यंत खर्च करू शकतो.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. अनोळखी लोकांशी स्पर्धा करायची नाहीये.

प्रतिसाद १

तुम्ही म्हणताय ती सोय स्टारक्राफ्ट २ मध्ये अधिकृतपणे आहे. २०१५च्या लेगसी ऑफ द व्हॉइड या त्याच्या पुढच्या भागाबरोबर आर्कॉन मोड आला. दोन खेळाडू, एकच तळ. मी आणि माझी बायको कॉम्प्युटरविरुद्ध असंच खेळतो आणि वेग खाली आणून ठेवतो. २०१७च्या अखेरीस मूळ गेम मोफत झाला, त्यामुळे विंग्ज ऑफ लिबर्टी या पहिल्या भागाचं पूर्ण कॅम्पेन (गोष्टीतून पुढे सरकणारी लढायांची मालिका) फुकट आहे. आधी ते एकेकट्याने खेळून हात बसवा. पण मनगटाचा विचार करता मी थोडा साशंक आहे. हा गेम मुळात चपळाईवर उभा आहे, वेग कमी केला तरी क्लिक फार कमी होत नाहीत.

प्रतिसाद २

मनगटासाठी राइज ऑफ नेशन्स घ्या. २००३चा गेम आहे, २०१४ची एक्स्टेंडेड एडिशन साध्या लॅपटॉपवर चालते. रिकामा बसलेला गावकरी स्वतःहून काम शोधतो, शेतं पुन्हा पेरावी लागत नाहीत. एकट्याने खेळताना डाव थांबवून निवांत हुकूम देता येतात.

त्याचं खरं मर्म सीमांमध्ये आहे. तुमच्या हद्दीत घुसलेली परकी फौज आपोआप झिजत जाते. ती झीज टाळायला तिच्याबरोबर रसदेची गाडी लागते. म्हणजे चार घोडेस्वार पाठवून ती गाडी तेवढी मारली की मोठी फौजही जागच्या जागी गळते. तुमच्या दादांना हे आवडणारच. एकच राज्य दोघांना, ही अट मात्र सोडा. मित्रराज्यं म्हणून खेळा.

प्रतिसाद ३

पैसे न घालवता आधी झीरो ए.डी. पाहा. मोफत, मुक्त स्रोत, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर. एज २ खेळलेल्याला दहा मिनिटांत घरच्यासारखं वाटतं. त्यात मौर्य आहेत आणि त्यांचा कामकरी हत्ती म्हणजे चालतंबोलतं कोठार. लाकूडतोड्यांच्या शेजारी नेऊन उभा करायचा, ते माल तिथेच टाकतात. तुमच्यासारख्या घडी बसवणाऱ्या माणसासाठी ही मोठी गंमत आहे. अडचण एकच, गोष्टीचं कॅम्पेन शोधाल तर निराश व्हाल.

प्रतिसाद ४

थोडं वेगळं सुचवतो. टोटल वॉर: शोगुन २ (२०११). राज्यकारभार पाळीपाळीने, लढाई प्रत्यक्ष वेळेत. दोघांनी मिळून मोहीम खेळलात की लढाईच्या वेळी तुमच्या काही तुकड्या दादांच्या ताब्यात देता येतात. म्हणजे कर, शेती, रस्ते तुम्ही शांतपणे बघा आणि रणांगणावर फौज त्यांच्या हवाली करा. कारभाराच्या भागात घाई अजिबात नाही, मनगटाला विश्रांती.

मराठे घेऊन खेळायचं असेल तर त्याआधीचा एम्पायर (२००९) आहे. तो १७०० सालापासून सुरू होतो, म्हणजे राजाराम महाराज गेले आणि ताराराणींनी सूत्रं हाती घेतली ते साल. पण तो एकट्याने खेळा, दोघांसाठी शोगुनच.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री झीरो ए.डी. उतरवून घेतला आणि काल दोघं मौर्य घेऊन बसलो. हत्तीची युक्ती लगेच जमली. दादाच्या राज्यात अन्न संपत आलं की मी माझ्याकडून पाठवत राहिलो. राज्यं दोन असूनही जुनी वाटणी बरीचशी परत आल्यासारखी वाटली. तो पहिल्या अर्ध्या तासात दोनदा हरायला आला होता, दोन्ही वेळा माझ्या भालाइतांनी त्याची मुख्य इमारत वाचवली. हे आमच्यात पहिल्यांदाच घडलं.

शोगुन २ वाचून दादा आजच घ्यायला निघालाय. प्रतिसाद ४ साठी एक शेवटचा प्रश्न: तो ८ जीबी आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय, ग्राफिक्स खाली ठेवून, मोठ्या लढाईत कितपत तग धरतो? तुम्ही स्वतः अशा लॅपटॉपवर खेळला असाल तर कृपया सांगा. मी रविवारपर्यंत थांबतो.