ओपनबीएसडी घ्या, पण आधी यूपीएस

घरच्या सर्व्हरला आणि रोजच्या कामाला ओपनबीएसडी (लिनक्ससारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टम) चालेल का, असं एकाने विचारलंय. चालेल, पण गोव्यात राहत असाल तर आधी यूपीएस घ्या. ओपनबीएसडीच्या एफएफएस फाइलसिस्टमला (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) जर्नलिंग, म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवण्याची सोय, नाही. पावसाळ्यात आमच्या फोंड्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अशी गेली की मशीन उठताना फाइलसिस्टमची तपासणी सुरू होते, आणि डिस्क मोठी असेल तर बसा वाट बघत. कधी ती अर्ध्यावर अडते. मग मॉनिटर जोडून हाताने चालवा. म्हणून चवथीचे फोटो वगैरे मी फ्रीबीएसडी या तिच्या भावंड सिस्टमवर झेडएफएसमध्ये ठेवतो; त्या फाइलसिस्टमला वीज गेल्यावर अशी तपासणी लागत नाही.

बाकी मजा मात्र ओपनबीएसडीतच. घरच्या ब्रॉडबँडला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेट पत्ता) मिळत नाही, मग बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा (कूटबद्ध जोडणीचा) बोगदा काढावा लागतो. वायरगार्ड ओपनबीएसडीच्या 2020 च्या 6.8 आवृत्तीपासून कर्नलमध्येच (सिस्टमच्या गाभ्यातच) आहे; चार ओळींची एक फाइल लिहायची, झालं. अडलंच तर मॅन पेज (सिस्टमसोबतच येणारं माहितीपान) उघडायचं, आणि तिथे लिहिलेलं खरं असतं (हे सुख लिनक्सवाल्यांना सांगून कळत नाही).

नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या शेवटच्या दोनच आवृत्त्यांना मिळतात. तेवढंही बघायचं नसेल तर सरळ डेबियन लिनक्स टाका.

लॅपटॉपवर घेणार असाल तर ब्लूटूथ विसरा. 2014 मध्येच काढून टाकलंय. वायरवाले हेडफोन शोधून ठेवा.