मदत हवी आहे: पपांचा लॅपटॉप पेनड्राईव्हवरच्या लिनक्सवर चालतोय, लाईट गेली की टाईप केलेलं जातं

नमस्कार मंडळी, जरा लांब झालंय पण पूर्ण वाचून सांगा प्लीज.

आमचं घर डिचोली तालुक्यात, मी नोकरीला पणजीत, शनिवार-रविवार घरी. पपा मराठी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेत, दोन वर्षं वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांकडून धालोची नि फुगड्यांची गाणी उतरवून घेतायत. बायका आमच्या सोप्यावर येऊन बसतात, त्या म्हणतात आणि पपा थेट इनस्क्रिप्टने (देवनागरी कीबोर्डने) टाईप करतात, कारण हात कापतो म्हणून वहीत लिहिणं आता जमत नाही, आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावला की त्या गप्पच होतात. त्यातल्या दोघी आता राहिल्या नाहीत, त्यांची गाणी परत विचारायला कोणी नाही.

लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, विंडोज १० होतं. गेल्या पावसात हार्डडिस्क दिसायची बंद झाली, नवीन एसएसडी घातली तर तीही दिसेना, रिपेरवाला म्हणाला बोर्डावरचा साटा पोर्टच गेलाय. तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून मी ६४ जीबीच्या पेनड्राईव्हवर रुफस या सॉफ्टवेअरने लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी हलकी सिस्टीम) टाकलं, पर्सिस्टंट पार्टिशन (फाईली नि बदल टिकून राहायची जागा) २० जीबीचं ठेवलं. पपांना आवडलं, मराठी कीबोर्डही लगेच लागला.

बॅटरी कधीच मेलीय, त्या मॉडेलची ओरिजिनल मिळत नाही, डुप्लिकेट आणली ती सहा महिन्यांत फुगली. त्यात पावसात आमच्याकडे लाईट दिवसातून चार वेळा जाते. गेल्या गुरुवारी पपा गाणं सेव्ह करत असतानाच गेली, पेनड्राईव्हचा दिवा लुकलुकत होता तो तसाच विझला. परत चालू केलं तर फोल्डरात फाईलच नाही. शनिवारी मी दुसऱ्या पेनड्राईव्हवरून बूट करून त्या पार्टिशनवर ई-टू-एफएसचेक (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवलं, तर लॉस्ट-फाउंड (दुरुस्तीत सापडलेलं जिथे पडतं त्या) फोल्डरात नुसत्या आकड्याच्या नावाची एक फाईल सापडली, नाव बदलून लिब्रे ऑफिसात उघडली, बुधवारपर्यंतचं सगळं होतं. गुरुवारची तीन गाणी गेली ती गेलीच. पपा काही बोलले नाहीत, उठून बाहेर जाऊन बसले.

आणखी एक, अपडेट केले की जागा भराभर संपते, कारण मूळ फाईली आयएसओमधल्या (पेनड्राईव्हवर टाकलेल्या मूळ इमेजमधल्या) तशाच राहतात आणि नव्या पर्सिस्टंटमध्ये वेगळ्या पडतात, कर्नल (सिस्टीमचा गाभा) तर बदलतच नाही, बूट होताना जुनाच येतो. म्हणून अपडेट बंद ठेवलेत. पपी लिनक्स पण लावून बघितलं, सगळं रॅममध्ये चढतं म्हणून पळतं मस्त, पण मराठी टायपिंग बसवताना माझी अख्खी दुपार गेली नि तरी जोडाक्षरं फुटलेलीच.

आता माझा विचार असा की ती घातलेली एसएसडी घरातच पडून आहे, तिला यूएसबी केसिंग घेऊन त्यावर मिंट पूर्ण इन्स्टॉल करायचं, लाईव्ह (आत्तासारखं, इन्स्टॉल न करता चालणारं) नाही. इन्स्टॉल माझ्या लॅपटॉपवरून करायला भीती वाटते, कारण इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाईली असतात त्या भागात) टाकतो असं बऱ्याच जणांना झालंय आणि माझं विंडोज मला बिघडवायचं नाही. पपांच्या लॅपटॉपवर आत डिस्कच नाही, तर एका पोर्टला लाईव्ह पेनड्राईव्ह आणि दुसऱ्याला एसएसडी लावून तिथेच केलं तर चालेल ना?

निळा यूएसबी ३ पोर्ट एकच आहे, बाकीचे दोन यूएसबी २, म्हणजे स्पेकप्रमाणे करंट ५०० मिलिअँपच. एसएसडी कायम निळ्यातच लावावी लागेल का? आणि मुख्य म्हणजे एक्स्ट-फोरचं (लिनक्सच्या फाईल सिस्टीमचं) जर्नल, म्हणजे बदलांची नोंद, असलं तरी लिहीत असतानाच लाईट गेली तर फाईल वाचते का, की पपांना दर गाण्यानंतर टर्मिनलमध्ये 'सिंक' (लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरवायची कमांड) मारायला शिकवू? लिब्रे ऑफिसचा ऑटोरिकव्हरी दहा मिनिटांवरून दोनवर आणलाय. छोटा यूपीएस पगार झाला की घेणारच आहे.

एक आजी चवथीला मुलीकडे म्हापशाला जातायत, ती परत कधी येणार माहीत नाही, त्याआधी त्यांच्याकडची गाणी उतरवायची आहेत. म्हणून या शनिवारीच बसवायचं आहे, कोणी यूएसबीवर पूर्ण इन्स्टॉल करून रोज वापरत असेल तर कृपया सांगा.