पावसाळ्यात क्रिकेट्स (खाद्याचे रातकिडे) टिकत नाहीत, डब्याला उग्र वास येतो – काय बदलू?

डोंगरवाट (पुणे)

पाच महिन्यांचा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आहे. त्याच्यासाठी क्रिकेट्स कुरिअरने येतात, एका पार्सलमध्ये साधारण तीनशे, मध्यम आकाराचे. उन्हाळ्यात ते संपेपर्यंत तगायचे. जुलै लागल्यापासून आठवड्याच्या आत निम्मे मरतात, डबा उघडला की नाकाला झोंबतं आणि उरलेले सुस्त पडून असतात.

मांडणी सांगते: ४० लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिक डबा, झाकणाला सुईने पाडलेली भोकं, तळाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अंड्यांचे दोन ट्रे, बाटलीच्या बुचात पाणी. खायला कोबी, काकडी आणि गव्हाचं पीठ. डबा बेडरूमच्या कोपऱ्यात असतो, आतलं तापमान २५-२६ अंश. ओलाव्याचं काय करायचं, आणि मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) फ्रिजमध्ये ठेवून काम भागेल का?

कीटकघर

नाकाला झोंबतो तो अमोनिया. क्रिकेट्सची विष्ठा कोरडी असेल तर भुशासारखी पडून राहते, काही त्रास देत नाही. तीच ओली झाली की कुजते, अमोनिया सुटतो आणि सुईच्या भोकांतून तो बाहेर पडत नाही. थोडक्यात, डबा बंद आहे आणि तळ ओला आहे. इतर गोष्टी नंतर, आधी हे दोन.

झाकणाला साधारण १५ × २० सेंमीची खिडकी कापा. समोरासमोरच्या दोन बाजूंनाही वरच्या भागात लहान खिडक्या काढा, म्हणजे हवा आरपार जाईल. सगळीकडे स्टील किंवा ॲल्युमिनियमची बारीक जाळी हॉट ग्लूने बसवा. मच्छरदाणीची नायलॉन जाळी लावू नका, ती कुरतडून बाहेर येतात. बाजूच्या खिडक्यांच्या खाली आतून ८-१० सेंमी रुंद गुळगुळीत पॅकिंग टेपचा पट्टा फिरवा. त्यावर त्यांचे पाय धरत नाहीत.

कोकोपीट काढून टाका. अंडी घालून घ्यायची नसतील तर तळ उघडाच हवा. तीनशे क्रिकेट्सना दोन ट्रे फार अपुरे आहेत. सात-आठ घ्या, पुठ्ठ्याचेच (प्लॅस्टिकचे ओल शोषत नाहीत), आणि आडवे न रचता उभे लावा. उभ्या ट्रेमधून विष्ठा सरळ खाली पडते, आडव्यांच्या खळग्यांत साठून राहते. जागा कमी पडली की ते एकमेकांना खातात, त्यातही नुकती कात टाकलेला, पांढरा, मऊ क्रिकेट पहिला बळी जातो.

पाण्याचं बूच बंद. त्यात बुडून मरतात आणि सांडलं की तळ ओला. गाजराची किंवा लाल भोपळ्याची चकती ठेवली तरी त्यांची तहान भागते. वेगळं पाणी द्यायचंच असेल तर बुचात ओला, पण पिळलेला कापूस ठेवा आणि रोज बदला. कोबी-काकडी या हवेत लगेच चिकट होतात आणि त्यांत पोषणही फारसं नाही. ओलं खाणं संध्याकाळी ठेवायचं, उरलेलं सकाळी काढायचं. कोरडं खाणं वेगळ्या उथळ झाकणात, ओल्यापासून दूर.

पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी ट्रे दुसऱ्या डब्यात झटकून पहिला डबा रिकामा करायचा, साबणाच्या पाण्याने धुवायचा, पूर्ण वाळवायचा. म्हणून डबे दोन हवेत. मेलेले मात्र रोज काढा, नाहीतर त्यांवर बारीक माश्या अंडी घालतात.

२५-२६ तापमान हे मरण्याचं कारण नाही, त्याने फक्त खाणं आणि वाढ मंदावते. तरी २८ ते ३० वर आणा, कारण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रताही उतरते. हीट मॅट डब्याच्या एका बाजूला बाहेरून लावा, थर्मोस्टॅटसह, म्हणजे दुसरं टोक थंड राहील. तळाखाली लावू नका. २०० रुपयांच्या आसपासचा डिजिटल आर्द्रतामापक आत टाकून ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला की निम्मी काळजी मिटली.

साष्टी_खाडी

बेडरूम म्हणालात म्हणून विचारतो: रात्री डासांचं लिक्विड मशीन चालू असतं का? जुलैत बहुतेक घरांत असतं. त्यातलं ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक आहे, आणि क्रिकेटही कीटकच. डब्याची हवा सुधारून तो त्याच खोलीत ठेवलात तर मोठ्या खिडक्यांतून विष उलट जास्त आत जाईल.

विषबाधा ओळखणं सोपं असतं. अमोनियाने हळूहळू, रोज काही असे मरतात. पायरेथ्रॉइडने एका रात्रीत लहानमोठे सगळे उलटे पडतात, पाय थरथरत राहतात. असे थरथरणारे क्रिकेट्स ड्रॅगनला अजिबात घालू नका.

डबा वेगळ्या खोलीत, दार बंद करून ठेवा. कॉइल, झुरळांचा स्प्रे, कपाटातल्या डांबरगोळ्या यांपासूनही लांब. भाजी सोलून द्या, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढू नका, त्यातही तेच विष असतं. डबा चार वाट्यांवर उभा करून, त्या वाट्या साबणाचं पाणी भरलेल्या ताटलीत ठेवल्या की मुंगी चढत नाही.

पशुवैद्य_नाशिक

जगवण्याबद्दल वर नीट सांगितलं आहे. मला काळजी गव्हाच्या पिठाची वाटते. क्रिकेटच्या शरीरात फॉस्फरस कॅल्शियमच्या सात ते नऊ पट असतो. वाढत्या ड्रॅगनला याच्या उलट, फॉस्फरसपेक्षा दीड ते दोन पट कॅल्शियम लागतं. नुसत्या पिठावर वाढलेले क्रिकेट्स टुणटुणीत दिसले तरी पिल्लाची हाडं मऊ पडत जातात: जबडा रबरासारखा दबतो, बोटं थरथरतात, पाय वाकतात. यातलं एकही लक्षण दिसलं तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, पावडर वाढवून घरी वाट बघू नका.

एरवीचं कोरडं खाद्य म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेअर मॅश मिक्सरमधून बारीक करून चालतं. कुत्र्या-मांजरांचं खाद्य हे मुख्य खाणं करू नका, त्यात प्रथिनं फार.

ड्रॅगनला खायला घालण्याआधीचे २४ ते ४८ तास वेगळं खाद्य द्यायचं: ८० ग्रॅम मॅशला २० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. याने सुमारे ८ टक्के कॅल्शियमची भर पडते आणि क्रिकेटचं पोट त्याने भरलेलं राहतं. दोन दिवसांना लागतील तेवढ्याच क्रिकेट्सना हे द्या. सगळ्या साठ्याला सतत दिलंत तर क्रिकेट्सच मरू लागतील, इतकं कॅल्शियम त्यांना झेपत नाही. आणि डबा थंड असेल तर ते खातच नाहीत, मग सगळी मेहनत वाया. सोबत गाजर, रताळं, शेवग्याचा पाला. पालक आणि माठ नको, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

शिवाय वरून पावडर हवीच. डब्यात चिमूटभर कॅल्शियम घालून क्रिकेट्स हलके हलवा, फिकट दिसले की लगेच खायला घाला. ते अंग साफ करत राहतात, त्यामुळे थोड्याच वेळात बरीचशी पावडर झडलेली असते. पिल्लाला जवळजवळ रोज साधं कॅल्शियम, आणि यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरणं देणारा दिवा) व्यवस्थित असेल तर आठवड्यातून एक-दोनदा डी३ जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन असलेली पावडर. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन ट्यूबची जागा घेत नाही, काच यूव्हीबी अडवते.

पानाचा चुना वापरू नका! तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजते. समुद्रफेस मात्र चालतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे. धुऊन, वाळवून वस्त्रगाळ करा.

क्रिकेटची लांबी ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. पंधरा-वीस मिनिटांत खाल्ले नाहीत ते काढून घ्या, रात्री राहिलेले क्रिकेट्स झोपलेल्या ड्रॅगनलाच चावतात.

डोंगरवाट (पुणे)

सगळ्यांचे आभार. डबा आजच अभ्यासिकेत हलवते, जाळी उद्या आणते. मीलवर्मचं राहिलं. आणि पार्सल बेभरवशाचं असल्याने क्रिकेट्स घरीच वाढवता येतील का? मेच्या अखेरीस भंडारदऱ्याला ओळखीचे जातात, तिकडचे किडे दिव्याखाली पकडून आणून देऊ का असंही विचारत होते.

कीटकघर

मीलवर्म फ्रिजमध्ये राहतात, पण ८ ते १० अंशांवर, म्हणजे दाराच्या कप्प्यात किंवा भाजीच्या खणात. थंडीत ते जवळजवळ झोपतात आणि कोशात जायचं लांबतं. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर गाजरावर सोडा, मग पुन्हा आत. सुपरवर्म दिसायला मोठे मीलवर्मच वाटतात, पण ते फ्रिजमध्ये मरतात. त्यांना ठेवा घरच्या तापमानाला, एकत्र गर्दीत. गर्दीत ते कोशात जात नाहीत.

दोन्हींचं अंथरूण म्हणजे गव्हाचा कोंडा, ३-४ सेंमी. पावसाळ्यात याच कोंड्यात पिठातले माइट (अगदी बारीक किडे) होतात: डब्याच्या कडांना राखाडी धूळ दिसते आणि ती सरकत असते. ते ड्रॅगनला चावत नाहीत, पण अळ्यांचं खाणं संपवतात. नवा कोंडा आणला की तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कोंडा ओला होईल. माइट झालेच तर अळ्या चाळून घ्या आणि तो कोंडा फेकून द्या.

पण मीलवर्मवर पिल्लू पोसू नका. चरबी जास्त, कवच कठीण. बदल म्हणून आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या जास्त चांगल्या, त्यांत मुळातच कॅल्शियम भरपूर असल्याने पावडर लागत नाही. विकत घ्या, सोसायटीच्या खतकुंडीतल्या उचलू नका. तिथे काय काय पडतं ते कुणालाच माहीत नसतं.

क्रिकेट्सची पैदास जमते, उबेची सोय असेल तर. पंख आलेले नर-मादी ठेवा. मादीच्या मागे सुईसारखी लांब नळी दिसते. ५ सेंमी खोल डब्यात ओलं कोकोपीट भरा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी निथळू नये. वर जाळी अशी ठेवा की नळी आत जाईल पण क्रिकेट्स अंडी उकरून खाऊ शकणार नाहीत. दोन दिवसांनी तो डबा काढून, झाकून ३० अंशांवर ठेवा, साधारण दहा ते तेरा दिवसांत डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी पिल्लं निघतात. अंडी ओलीत, मोठे कोरड्यात, हे दोन डबे कधी एक करू नका. पिल्लं ड्रॅगनला घालण्याजोगी व्हायला आणखी चार-पाच आठवडे, त्यामुळे पार्सल लगेच बंद करता येणार नाही.

पार्सलमधले क्रिकेट्स जुन्यांत लगेच मिसळू नका. आठवडाभर वेगळे ठेवा. ‘हाउस क्रिकेट’ या जातीला होणारा डेन्सोव्हायरस हा विषाणू असाच पसरतो: सुस्त होतात, पाठीवर पडतात, मरतात. २००९-१० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पैदास केंद्रांची याने वाताहत झाली. ड्रॅगनला त्याची लागण होत नाही. हवा, खाणं सगळं सुधारूनही मरत राहिले तर विक्रेत्याकडे पट्टेरी उष्णकटिबंधीय जात किंवा काळी जात मागा, त्या या विषाणूला दाद देत नाहीत. डबे आधी साबणाने स्वच्छ धुवा, मगच ब्लीच लावा. विष्ठेतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की घातक वायू होतो.

पशुवैद्य_नाशिक

भंडारदऱ्याच्या किड्यांना स्पष्ट नकार द्या. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला तिकडे काजव्यांचा हंगाम असतो आणि पकडलेल्या किड्यांत एखादा काजवा सहज येतो. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांत हृदयावर परिणाम करणारं ल्युसिबुफॅजिन हे विष असतं. ते खाऊन बिअर्डेड ड्रॅगन एक-दोन तासांत मेल्याची नोंद आहे, आणि त्याला एक काजवाही पुरतो. आपल्याकडच्या काजव्यांच्या बाबतीतही धोका पत्करू नका. बाकीचे किडे कुठल्या शेतातल्या फवारणीतून आले असतील तेही कळत नाही. ड्रॅगनने चुकून काजवा खाल्ला असेल तर लक्षणांची वाट बघू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

साष्टी_खाडी

अभ्यासिकेत डबा ठेवताना एक बघा: वर एसीचा झोत येत नाही ना. रात्रीत तापमान बावीसवर उतरलं की ते कॅल्शियमचं खाद्य तसंच पडून राहील.