थायलंडमधून कालवा काढला तर मलाक्काचा (मलेशिया-सुमात्रामधली सामुद्रधुनी) वळसा खरंच वाचेल का?

नकाशावेडा:
काल रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर नकाशा चाळत होतो, तर थायलंडचा तो खालचा चिंचोळा पट्टा बघून डोक्यात किडा वळवळला. क्रा म्हणतात, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 44 किमी. अलीकडे अंदमान समुद्र म्हणजे आपला हिंद महासागर, पलीकडे थायलंडचं आखात म्हणजे पॅसिफिकच की. थाई कॅनॉल असोसिएशन म्हणून एक संघटना पण आहे म्हणे, निवृत्त लष्करी अधिकारी वगैरे मंडळी, कालवा झालाच पाहिजे म्हणून सरकारच्या मागे लागलेत. पनामा 82 किमीचा असून 1914 ला झाला, मग हे अडलंय कुठे?

दर्यावर्दी_रत्नागिरी:
भावा, 44 आकडा फसवा आहे. क्राला मधे डोंगर आहे. असोसिएशनवाले ज्याचं बोलतात तो 9ए मार्ग बराच खाली, क्राबीकडून सोंगखलाकडे, 120 किमीच्या वर. आता हिशोब बघ. मलाक्काचा वळसा वाचला तर वाचतात जास्तीत जास्त 1200 किमी, आमचं जहाज ताशी 25 किमीने चालतं म्हणजे धर दोन दिवस, त्यातून कालव्यातला वेळ वजा कर, सुएझला 193 किमीला 12 ते 16 तास लागतात आणि नंबर येईपर्यंत अँकर टाकून बसायचं ते वेगळंच. उरलं काय, एखादा दिवस. वर टोल! मलाक्कात टोलच नाही. आणि निम्मी जहाजं तसंही सिंगापूरला थांबतातच, बंकर म्हणजे इंधन घ्यायला, कंटेनर बदलायला. पनामाने अख्ख्या दक्षिण अमेरिकेचा वळसा वाचवला, त्याच्याशी बरोबरी नको.

बखरवाचक:
आयडिया काही आजची नाही. 1677 ला सयामच्या (थायलंडचं जुनं नाव) नाराय राजाने फ्रेंच इंजिनियरकडून पाहणी करून घेतली होती, म्हणजे आपल्याकडे महाराजांच्या राज्याभिषेकाला तीन वर्षं झालेली. 1946 च्या तहात तर इंग्रजांनी लिहूनच घेतलं की आम्हाला विचारल्याशिवाय कालवा खणायचा नाही, सिंगापूरच्या पोटावर पाय नको ना! आणि 1973 च्या अभ्यासात अणुस्फोट करून खणायचा पर्याय पण होता, मस्करी नाही करत.

नकाशावेडा:
अणुस्फोट?? 😳 बरं मग ते लँडब्रिज काय आहे?

दर्यावर्दी_रत्नागिरी:
ते सरकारचं, कालव्याऐवजी. रानोंग ते चुम्फोन साधारण 90 किमी, दोन्हीकडे बंदरं, मधे रस्ता न् रेल्वे, खर्च 1 लाख कोटी बाहतच्या आसपास. पण मोठ्या जहाजावरचे दहा-पंधरा हजार कंटेनर एकीकडे उतरवा, रेल्वेने न्या, परत दुसऱ्या जहाजात चढवा, यात वाचलेला वेळ क्रेनखालीच संपणार. मला तरी कालव्यापेक्षा हे जास्त अवघड वाटतं.

माहेर_मालवण:
तुम्ही सगळे जहाजाचाच हिशोब करताय. तिकडच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा लँडब्रिजला विरोध आहे, ते कुणी बोलतच नाही. आमच्या इकडे नुसती जेट्टी म्हटलं तरी गावात दोन तट पडतात, तिथे तर अख्खी बंदरं. शिवाय पत्तानी, याला, नराथिवात हे थायलंडचे दक्षिणेतले फुटीरतावाद्यांचे प्रांत कालव्याच्या पलीकडे राहतील, देशाचे दोन तुकडे पडतील ही भीती आहेच. ती कालव्याची संघटना लोकांची म्हणायची तर नेमक्या कुठल्या लोकांची?

दर्यावर्दी_रत्नागिरी:
ताई, हा पॉइंट बरोबर आहे, आम्ही पाण्यावरूनच बघतो सगळं. पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, मलाक्कातूनच जाणार आहे, नेटवर्क मिळालं तर फोटो टाकतो.