नवा रस्ता, दोन महिन्यांत चर: दोष समन्वयाचा की बिलाचा?

चौथी गल्ली (धागाकर्ता)

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुठलंही घाला, चालेल. आमच्या गल्लीचं डांबरीकरण मार्चमध्ये झालं. मे महिन्यात एका कडेने चर पडला. चर बुजवला म्हणजे माती लोटली आणि वर खडी टाकली. पावसात ती खचली आणि दुधाची गाडी त्यात कलंडली. इथपर्यंतची कथा सगळ्यांची सारखीच असेल.

खरी गंमत ऑगस्टमध्ये. पाण्याची लाइन फुटली. खांद्यावर लांब टी-चावी टाकून चावीवाला आला, पण व्हॉल्व्हचं चेंबर सापडेना. झाकण नव्या डांबराखाली गेलेलं. पहारीने रस्ता ठोकत, आवाज पोकळ येतो का ऐकत तो पाऊण तास गल्लीत फिरत होता, आणि पाणी आपलं वाहतंय. शेवटी समोरचे आजोबा गॅलरीतून ओरडले, "अरे, तिथे पेरूचं झाड होतं ना, त्याच्या बुंध्यापाशी बघ!" झाड रुंदीकरणात गेलं होतं. झाकण मात्र तिथेच निघालं.

माझं म्हणणं साधं आहे. समन्वयाच्या बैठकांनी काही होत नाही. सगळी खाती येतात, चहा होतो, इतिवृत्त निघतं. रस्त्याचा कंत्राटदार असो की केबल-गॅसवाला, जमिनीखाली नक्की काय, किती खोल आणि कडेपासून किती फुटांवर आहे याचा प्रत्यक्ष मोजलेला नकाशा दिल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका. बघा नकाशे कसे धावत येतात. कोणाला पटत नसेल तर बोला.

केबलवाला (निवृत्त)

नाही पटत. वीज वितरणात नोकरी झाली माझी. आम्हाला पत्र कधी यायचं? फेब्रुवारीत. 'सदर रस्त्याचे काम मंजूर असून आपल्या वाहिन्या १५ दिवसांत स्थलांतरित कराव्यात.' १५ दिवसांत इस्टिमेट तरी मंजूर होतं का? मग केबल आणायची, वीज बंद ठेवायची परवानगी घ्यायची, जॉइंट मारायचा. उच्चदाबाच्या केबलचा जॉइंट घाईत मारला की पहिल्या पावसात तोच उडतो, आणि शिव्या आम्हाला.

रस्तेवाल्यांचे पैसे ३१ मार्चला परत जातात, म्हणून ते थांबत नाहीत. आमचं भांडवली काम वेगळ्या मंजुरीने, वेगळ्या वेळी निघतं. ही दोन कॅलेंडरं जुळत नाहीत तोवर तुमच्या नकाशाची सुरळी करून ठेवा. बिल अडवलं तर कंत्राटदार ऑफिसात बसून नकाशा काढून देईल. मी असले नकाशे पाहिलेत. सगळ्या केबली पट्टीने आखल्यासारख्या सरळ!

आणि एक. केबलवर वाळू आणि वाळूवर विटा टाकतात. विटा लागल्या की खाली केबल आहे, थांबायचं, अशी ती खूण. जेसीबीच्या पोराला हे कोणी सांगितलेलंच नसतं. त्याला वाटतं जुनं बांधकाम आहे. आणखी एक बकेट मारतो.

पिवळं यंत्र

काका, पोराला विटा कळतात. माझी दोन यंत्रं आहेत म्हणून सांगतो. आम्हाला पैसे तासावर, कंत्राटदाराला मीटरवर. आधी हाताने खड्डा घेऊन खाली काय आहे ते बघायचं, म्हणजे ट्रायल पिट, त्याची बाबच निविदेत नसते. चार मजुरांचा दिवस कोणाच्या खिशातून द्यायचा? ती बाब दर ठरवून टाका, मी दर ५० मीटरला खड्डा घेतो. वर सरबतही पाजतो.

चौथी गल्ली

@पिवळं यंत्र, हा मुद्दा मला सुचला नव्हता. लिहून ठेवतो.

रेसिडेन्सी रोड

सगळे मातीतच का अडकलात? बेंगळुरूत राहतो. इथे टेंडरशुअर या रस्ते-प्रकल्पात रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोड, कनिंगहॅम रोड असे काही रस्ते नव्याने बांधले. वाहिन्यांची जागा आधी ठरवली, पदपथाखाली डक्ट (केबल-पाइप ओवायची बंदिस्त नळी) आणि चेंबर केले, मग वरचा रस्ता. काम रखडलं तेव्हा लोकांनी भरपूर बोल लावले, खर्चावरूनही ओरड झाली. पण नवी केबल टाकायला रस्ता कापायचं कारण उरत नाही. गुजरातेत गिफ्ट सिटीला, सिंगापुरात मरिना बे भागात तर माणूस चालत जाईल असे सेवा-बोगदे आहेत. डक्ट बांधा आणि विषय संपवा.

साडेपाच मीटर

विषय संपवा म्हणे! गिफ्ट सिटी आणि मरिना बे कोऱ्या पाटीवर वसवलेत हो. आमच्या गावठाणातली गल्ली साडेपाच मीटर रुंद. तिच्यात ड्रेनेज, पावसाळी लाइन, पाणी, वीज, गॅस आणि चार कंपन्यांच्या फायबर. गॅस आणि वीज शेजारी-शेजारी एका बंद डक्टमध्ये घालणार का? ड्रेनेज उतारावर चालतं, ते डक्टचं ऐकत नाही. फायबरला डक्ट ठीक. पण घराघरात कनेक्शन द्यायचं तर आडवा चर मारावाच लागतो, आणि तोड तिथेच जास्त होते. शहरी रस्त्यांत कोणती वाहिनी कुठे असावी याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९८ हे मार्गदर्शक आहे, २०११ ची आवृत्ती आहे. वाचायला छान आहे. ते रुंद रस्त्यावर उतरवता येतं, आमच्याकडे नाही.

थेम्सकाठचा

लंडनमध्ये आहे. इथे १९९१ च्या रस्ते आणि पथकामे कायद्यात कलम ५८ आहे. मोठं काम झालेल्या रस्त्यावर ठरावीक काळ खोदायला बंदी घालता येते, आणीबाणी सोडून. शिवाय २०१२ पासून वर्दळीच्या रस्त्यांवर लेन-भाडं घेतात. गर्दीच्या वेळी रस्ता अडवला तर दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत. म्हणून कंपन्या रात्री येतात, दोघी मिळून एकच खड्डा खणतात. दर दिवसाला पैसे जायला लागले की समन्वय आपोआप होतो.

केबलवाला (निवृत्त)

आपोआप वगैरे काही नाही. आमच्याकडे असलं भाडं लावलं की ते खर्चात धरणार, आणि खर्च शेवटी वीजदरात. ज्याच्या दारात खड्डा, त्याच्याच बिलात खड्ड्याचं भाडं. आणि 'आणीबाणी सोडून' म्हणालात ना? आपल्याकडे प्रत्येक काम आणीबाणीचं असतं.

थेम्सकाठचा

आणीबाणीची पळवाट इथेही वापरतात, मान्य. पण भाडं ग्राहकावर टाकायचं की नाही हे नियामकाच्या हातात आहे. 'हा दंड दरात धरणार नाही' असं एक वाक्य आदेशात आलं की झालं. तुम्ही ते अशक्य धरून चालला आहात.

नळ आणि हौद

नकाशा नकाशा चाललंय म्हणून. मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप काढलं. खोदणाऱ्याने कळवायचं, ज्यांच्या वाहिन्या खाली आहेत त्यांना संदेश जातो. बेशिस्त खोदाईमुळे वर्षाला ३,००० कोटींचं नुकसान होतं असा सरकारचाच आकडा तेव्हा आला होता. कल्पना चांगली. पण संदेश मिळून उपयोग काय, जर मालकालाच आपली वाहिनी कुठे आहे ते माहीत नसेल?

पुण्यात सप्टेंबर २०२४ मध्ये सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक मागच्या बाजूने जमिनीत गेला. अख्खा. वर फरसबंदी, खाली पोकळी. जुनी विहीर होती म्हणून चर्चा झाली. त्याच शहरात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेला नळ, म्हणजे जमिनीखालची जलवाहिनी, आणि त्याचे हौद पेठांखाली आहेत. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी जे जमिनीखाली घातलं, त्याचा माग आजही जाणकार सांगतात. आपण पाच वर्षांपूर्वी टाकलेल्या पाइपचा सांगता येत नाही.

म्हणून धागाकर्त्याशी सहमत, फक्त नकाशा कंत्राटदाराकडून घेऊ नका. चर बुजवायच्या आधी, उघडा असताना, तिसऱ्या माणसाने मोजायचा. मोबाइलने फोटो, बाजूला टेप धरून. दहा मिनिटांचं काम आहे.

चौथी गल्ली

'चर उघडा असताना' हे मोलाचं. बुजवल्यावर काढलेल्या नकाशांबद्दल काका म्हणतात ते मान्यच करावं लागेल. तेव्हा माझी मागणी बदलतो. ट्रायल पिट निविदेत, मोजणी उघड्या चरात, आणि दोन्ही नसतील तर बिल नाही. बिलाचा मुद्दा सोडत नाही. मुंबईत २०२३ मध्ये पहिल्या टप्प्यात सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायला घेतले. डांबर कापलं तर ठिगळ लागतं, काँक्रीट नीट दुरुस्त करायचं तर पॅनलच काढावा लागतो. चूक दरवर्षी महाग होत चालली आहे.

केबलवाला (निवृत्त)

आणि ३१ मार्च? त्यावर अजून कोणी बोललं नाही.

साडेपाच मीटर

त्यावर कोणी बोलत नसतं काका.

पिवळं यंत्र

ते राहू दे. @चौथी गल्ली, झाकणाचं काय झालं? परत डांबराखाली गेलं का?

चौथी गल्ली

नाही. चावीवाल्याने स्वतःच्या पैशाने लाल रंगाची डबी आणली आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर बाण काढून '७ फूट' लिहून गेला. सध्या आमच्या गल्लीत जमिनीखालचा तेवढाच नकाशा आहे. दिवाळीआधी सोसायटीला रंग लावायचाय आणि बाण पुसायचा की ठेवायचा यावर ग्रुपवर कालपासून भांडण चालू आहे. सेक्रेटरींचं म्हणणं, भिंत खराब दिसते.