मदत हवी आहे: १९३९ चा रुपया, डबीतला एनएफसी टॅग ‘अस्सल’ म्हणतोय, सराफ बाजारातले काका नाही म्हणतात

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सिडकोत राहतो. जुनी नाणी जमवतो. मोठा संग्राहक वगैरे नाही. वडिलांच्या डब्यात राणी छाप आणि पंचम जॉर्जचे दहा-बारा रुपये सापडले, तिथून नाद लागला.

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घेतला. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: १९३८ चा रुपया शोधला की मिळतो, १९३९ चा दुर्मीळ, म्हणून त्यातच लबाडी जास्त. एवढं मलाही ठाऊक होतं, म्हणूनच मुद्दाम टॅगवालं नाणं बघितलं. कडक प्लॅस्टिकची सीलबंद डबी, म्हणजे स्लॅब, आणि लेबलखाली चिप, म्हणजेच एनएफसी टॅग. फोन टेकवला की एक पान उघडतं. त्यावर हिरवी खूण, ‘अस्सल’ असा शिक्का, नाण्याचा फोटो, वजन ११.६६ ग्रॅम. पाच आकडी रक्कम मोजली. (घरी चार आकडी सांगितली आहे. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

माझ्या फोनला एनएफसी नाही, भाच्याचा घेतला. आधी काहीच होईना. नाण्याच्या वर धरला की गप्प, लेबलाच्या कोपऱ्याशी नेला की टिंग. पान उघडलं, मी खूश.

रविवारी सराफ बाजारात एका जुन्या ओळखीच्या काकांना दाखवायला नेलं. त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. स्लॅब उजेडात तिरका धरला, भिंग लावलं आणि म्हणाले, “नऊ बघ रे. मला आवडला नाही.” मग चहा मागवला. पुढे एक शब्द नाही!

आता झोप उडाली आहे. भाच्याने एक ॲप टाकून बघितलं, त्यात टॅग लॉक आहे असं येतं, म्हणजे त्यावर कोणी काही लिहू शकत नाही. मग खोटं कसं असेल? की काकांना नवीन गोष्टींचा राग आहे? डबी फोडून वजन करू का?

अंबडकर
डबी फोडू नका!! आधी हे वाचा.

मी टॅगच्याच कामात आहे, कंपनीत मालाच्या पेट्यांना लावतो. त्या ॲपमध्ये चिपचा प्रकार काय दिसतो ते सांगा. आणि पाच वेळा फोन टेकवून प्रत्येक वेळी उघडलेला पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा.

सिडकोतला मी (धागाकर्ता)
एनटॅग २१३ असं दिसतंय. मेमरी १४४ बाइट. पत्ता पाचही वेळा तोच, एका अक्षराचाही फरक नाही.

अंबडकर
मग हा साधा स्टिकर आहे, काही रुपयांना मिळतो. आत फक्त एका वेबपानाचा पत्ता लिहिलेला असतो. टॅग लॉक आहे म्हणजे हा टॅग बदलता येत नाही, इतकंच. तोच पत्ता दुसऱ्या कोऱ्या स्टिकरवर लिहायला कोणाचीच परवानगी लागत नाही. तुमच्या भाच्याला सांगा, दोन मिनिटांत करून दाखवेल. प्रत्येक चिपला कारखान्यातून ७ बाइटचा स्वतःचा क्रमांक येतो हे खरं, पण तो हवा तसा बदलता येईल अशा चिपाही विकायला असतात.

याच्या वरचा प्रकार म्हणजे एनटॅग ४२४ डीएनए. त्यात १२८ बिटांची गुप्त किल्ली असते, ती बाहेर येतच नाही. प्रत्येक वेळी फोन टेकवला की आतला आकडा एकने वाढतो आणि पत्त्याच्या शेपटीला नवा कोड लागतो. जुना कोड कोणी पुन्हा वापरला तर सर्व्हरला कळतं. त्यातच एक पोटप्रकार आहे, त्याला बारीक तारेचा फास असतो. झाकण उघडताना तार तुटली की चिप पुढे कायम ‘उघडलं गेलं’ असंच सांगते.

कोपऱ्यातूनच वाचण्याचं कारण साधं आहे. १३.५६ मेगाहर्ट्झचं क्षेत्र धातूजवळ मरतं. नाण्याला चिकटून टॅग लावायचा तर मध्ये फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर लागतो. त्यात शंका घेण्यासारखं काही नाही.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. ते पान कोणाच्या साइटवर उघडतं?

सिडकोतला मी
विक्रेत्याच्याच.

अंबडकर
झालं की मग. विकणाराच म्हणतो माझा माल अस्सल, फक्त ते आता फोनमधून ऐकू येतं.

गंगाघाट
पाच आकडी रक्कम आणि फोटो बघून दिलीत? धन्य आहात.

नाणेपेटी
@गंगाघाट, फसल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. माणूस मदत मागतोय, ती द्या.

दादा, काकांचं ऐका. वजन करून काही हाती लागणार नाही. १९३८ चा खरा रुपयाही ११.६६ ग्रॅमचाच, चांदी तीच ९१.७ टक्के, कड तशीच दातेरी. चांदी निम्म्यावर आली ती १९४० पासून. त्यामुळे खऱ्या १९३८ मधल्या आठाचा नऊ केला तर तराजू, चुंबक, पाण्यात बुडवून घनता काढणं, सगळ्यात नाणं पास होतं. आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू तासली की नऊ तयार. काकांनी नेमकं तेच बघितलं असणार.

दहापट भिंग घ्या आणि दिवा एका बाजूने, नाण्याच्या पातळीजवळ धरून तिरका लावा. तासलेल्या जागी नाण्याची सपाटी वेगळी चमकते, बारीक समांतर रेषा दिसतात. मग आधीच्या ‘१९’मधल्या नऊशी शेवटचा नऊ ताडून बघा, शेपटीचा बाक जुळतो का. हे सगळं बंद डबीतूनही दिसतं. आणि पानावरचा फोटो मोठा करून त्यातले ओरखडे, डाग तुमच्या नाण्याशी जुळवा. ते जुळले नाहीत तर गोष्ट वेगळीच, मग डबी तरी उघडली गेली आहे किंवा टॅग दुसऱ्याचा आहे.

अमेरिकेतली पीसीजीएस ही नाणी तपासून दर्जा ठरवणारी मोठी कंपनी २०२० पासून स्लॅबमध्येच चिप घालते. तिथेही चिप सांगते ती डबीची ओळख. आतलं नाणं बघितलेलं असतं ते माणसानेच, आणि तो माणूस विकणारा नसतो. तुमच्या डबीत हा दुसरा माणूसच नाही.

जमलं तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात एक चक्कर मारा. खरी नाणी बघून बघून डोळा तयार झाला की चिपची गरज कमी पडते.

गंगाघाट
बरं, माझा शब्द मागे घेतो. अंजनेरीवरून आठवलं. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. नहपानाचा चेहरा तसाच आणि त्याच्यावरच सातवाहनांची खूण. जुन्या रुपयांवर सराफांच्या बारीक खुणा दिसतात त्याही तशाच, थेट धातूत. ती खूण काढून दुसऱ्या नाण्याला लावता येत नाही. स्टिकर येतो.

सिडकोतला मी
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो. वडिलांच्या डब्यातला १९३८ चा एक होता, तो शेजारी ठेवला. पानावरचा फोटो माझ्याच नाण्याचा आहे, राजाच्या मानेवरचा ओरखडा तंतोतंत जुळतो. म्हणजे टॅग खरा, डबी खरी, फोटो खरा. आणि भिंगाखाली शेवटच्या नऊच्या डाव्या बाजूला तीन रेषा, केसाएवढ्या, एकाच दिशेने ओढलेल्या. आधीचा नऊ गुळगुळीत आहे.

वडील नोट प्रेसमध्ये होते. वाण्याने दिलेली दहाची नोटसुद्धा उजेडाकडे धरून बघायचे, आम्ही हसायचो. मी हिरवी खूण बघून थांबलो.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणतो, “टॅग व्हेरिफाय होतोय ना? मग झालं.” आता काय करू?

नाणेपेटी
फोनवर बोलू नका, सगळं लेखी करा. डबी न फोडता व्हिडिओ काढा, टॅग टेकवण्यापासून भिंगातल्या नऊपर्यंत एकाच सलग चित्रणात. पानाचा स्क्रीनशॉट आजच घ्या, पान त्याच्याच हातात आहे, उद्या बदलेल. ‘१९३९ म्हणून विकलेलं नाणं आकडा बदललेला १९३८ चा आहे’ एवढं एकच वाक्य ईमेलमध्ये लिहा आणि पैसे परत मागा. टॅगवर वाद घालत बसू नका, तो त्याला हवाच आहे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

सिडकोतला मी
ईमेल पाठवला. व्हिडिओत नऊ धूसर येतोय, भाच्याचा फोन भिंगाशी नीट जुळत नाही. नाशिकमध्ये कोणाकडे मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का? नाशिकरोडपर्यंत येऊन घेऊन जाईन.