अनुभव सांगा: मनाला विसावा मिळावा म्हणून नेमकं काय केलंत, आणि त्या वेळात तुमचं काम कोणी केलं?

बदलापूरची

फेब्रुवारीतली गोष्ट. बदलापूर ते दादर, मग पूल चढून अंधेरीची गाडी, असं चौदा वर्षं चाललंय माझं. त्या दिवशी दादरला उतरले, पूल चढून पलीकडे गेले आणि बाकावर टेकले ते टेकलेच. चार गाड्या गेल्या समोरून. दुखत काही नव्हतं, रडूही येत नव्हतं, फक्त उठवत नव्हतं. शेजारी एक कोळीण मावशी रिकामी पाटी पायाशी ठेवून बसल्या होत्या, त्यांनी काही विचारलं नाही, स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, झाकण हरवू नये म्हणून दोऱ्याने बांधलेलं होतं ते अजून डोळ्यासमोर आहे.

तशीच उलट फिरले. उलट्या दिशेची गाडी रिकामी, खिडकी मिळाली, अंबरनाथपर्यंत झोपले. घरी सांगितलं ताप आहे, ऑफिसलाही तेच. खरं म्हणजे ताप नव्हता, मी दमले होते, आणि "दमलेय म्हणून आज येत नाही" असं म्हणायची सोयच नाही आपल्याकडे.

म्हणून विचारतेय. पॉझिटिव्ह राहा, योगा करा असं नको, ते सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही खरंच काय केलंत ते लिहा. आणि मुख्य म्हणजे तुम्ही आराम करत होतात तेव्हा तुमच्या वाटचं काम कोणाच्या अंगावर पडलं तेही लिहा, कारण माझं घोडं तिथेच अडतंय.

रातपाळी

ताई, मी मालाडला नाईट शिफ्टला आहे, सहावं वर्ष. सकाळी आठला विरारला घरी पोचायचो तर घर नुकतं जागं झालेलं, मिक्सर, बेल, कुरिअरवाला, मुलाची शाळेची घाई. चार तास झोप, तीही तुकड्यातुकड्यात. एकदा मुलाने झोपेतून उठवलं म्हणून त्याचा कंपास भिरकावला मी. तो रडला नाही, गप्प उभा राहिला, आणि ते मला जास्त लागलं.

मग डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागतेच, दिवसा झोपलास म्हणून ती कमी करून चालत नाही. खिडकीला जाड काळं कापड लावलं. घरी येताना गॉगल घालतो कारण सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला. शेवटचा चहा रात्री दोनला, त्यानंतर नाही, कॅफिन अंगातून अर्धं उतरायलाच पाचेक तास जातात. पार्सलं वॉचमनकडे ठेवायला सांगितली. आणि आईने मिक्सरची सगळी कामं संध्याकाळवर नेली, तिने नुसती चटणी वाटायची वेळ बदलली पण मला दोन तास सलग मिळाले.

काम कोणी केलं म्हणाल तर आईनेच. मुलाला शाळेत सोडणं तिच्याकडे गेलं. म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक पूर्ण माझा आणि ती तिच्या भजनी मंडळात, दिवसभर. हे आम्ही बसून, बोलून ठरवलं. न बोलता तिच्यावर ढकललं असतं तर तीही एक दिवस अशीच कुठेतरी बाकावर बसली असती.

गॅलरीतली खुर्ची

गिरगावात चाळीत राहतो, एक खोली आणि मोरी. सासूबाईंना स्मृतिभ्रंश. रात्री दोनला उठून "मला माझ्या घरी सोड गं" म्हणतात, कडी काढायला जातात. तीन वर्षं मी एकटी करत होते, आणि कोणी विचारलं की "आमचं छान चाललंय" म्हणत होते. मग एक दिवस त्यांना भरवताना माझा हात थरथरायला लागला, रागाने. घाबरले मी स्वतःला.

मुलुंडच्या नणंदेला फोन केला आणि पहिल्यांदा मागितलं: दर रविवारी दुपारी 3 ते 7 तू ये. "जमेल तशी ये" नाही, 3 ते 7. ती लगेच हो म्हणाली! तीन वर्षं तिला वाटत होतं की वहिनीला मधे कोणी आलेलं आवडत नाही.

पहिल्या रविवारी बाहेर पडले तर कुठे जायचं तेच कळेना. चौपाटीवर गेले, वाळूत बसले, मनात सारखं औषध दिलं असेल का, मोरीचं दार लावलं असेल का, आणि चाळीस मिनिटांत परत आले. नणंद दारात उभी, म्हणाली, "वहिनी, अजून सात वाजले नाहीत, जा." चप्पलही काढू दिली नाही. आत सासूबाई तिच्याबरोबर मटार सोलत बसल्या होत्या, शांतपणे. आता बाणगंगेच्या पायऱ्यांवर जाऊन बसते, तिथली बदकं बघते.

सायनकर

माझा अनुभव वेगळा आहे, आणि तो इथे यायला हवा असं मनापासून वाटतं. मला आरामाने बरं वाटलं नाही. पंधरा दिवस रजा टाकून दापोलीला मामाकडे गेलो. समुद्र, माड, मासे, सगळं होतं, मी आणखी खचलो. पहाटे तीनला टक्क जाग, जेवणाची चव गेलेली, मामी प्रेमाने वाढायची आणि मला घास फिरायचा तोंडात. झोपून उठलं की थकवा जातो. हा जात नव्हता. दोन आठवड्यांच्या वर हे असंच राहिलं तर तो आजार असू शकतो, डॉक्टरला दाखवा.

महापालिकेच्या हॉस्पिटलात गेलो. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे मानसोपचार ओपीडी आहे. केसपेपर काढला, आधी थायरॉईड आणि बी12 तपासलं, कारण ते बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो, मग गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं तोंड कोरडं पडायचं, फरक शून्य, सोडून देणार होतो. डॉक्टर म्हणाल्या असर यायला वेळ लागतो, मनाने बंद करू नका, आणि पुढे बरं वाटलं तरी एकदम थांबवू नका. सहाव्या आठवड्यात जिना चढताना शेजारच्यांकडे बोंबील तळत होते त्याचा वास आला आणि मला भूक लागली. जिन्यातच थांबलो, डोळे भरून आले.

काम? ऑफिसात एका सहकाऱ्याला खरं सांगितलं, त्याने महिनाभर माझे महिनाअखेरचे रिपोर्ट केले. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं आहे, तेव्हा आपली पॉलिसी काढून वाचा.

जगणंच नको असं मनात येत असेल तर फिरायला जा, गाणी ऐका असले उपाय करत बसू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला उठवा, आणि 14416 लावा. टेली-मानस, सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही आहे, 1990 पासून.

कट्टा

थोडक्यात लिहितो. रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला दोन चकरा आणि मग कट्ट्यावर बसणं, फोन घरी. पंधरवड्यात डोकेदुखी कमी झाली. काम कोणीच केलं नाही, भांडी सिंकमध्ये तशीच होती. सकाळी घासली.

लेक

माझी आई घाटकोपरला चार घरी पोळ्या करते. सुट्टी म्हणजे पगार कापला, म्हणून तापातही जायची. मागच्या वर्षी गॅससमोर चक्कर येऊन पडली तेव्हा मी चारही घरी गेले आणि सांगितलं, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी द्या. दोघांनी लगेच दिली, तिसऱ्यांनी महिन्याने, चौथं घर सुटलं.

पहिल्या सुट्टीला तिने सगळ्या गोधड्या धुतल्या. दुसऱ्या सुट्टीला मी बादली लपवली. आता दुपारी पंखा फुल, तोंडावर पदर, आणि तीन तास झोपते. तिच्या पोळ्या त्या दिवशी त्या-त्या घरची माणसं करतात. इथे लिहिणाऱ्या सगळ्यांना माझं विचारणं आहे, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना भरपगारी सुट्टी आहे का?

बदलापूरची

लेक, आमच्याकडे नव्हती गं. रविवारपासून दिली.

आणि तुमचं सगळं वाचून नवऱ्याला खरं सांगितलं, त्या दिवशी ताप नव्हता. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला मला का नाही सांगितलंस. गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाणार नाही असं ठरलं, तो आणि मुलगा करतील. सायनकर, रक्त तपासायलाही दिलंय.

काल पहिला गुरुवार. आतल्या खोलीत आडवी झाले, कान बाहेरच. डाळीला पाणी कमी पडलं असेल असं वाटून दोनदा उठून बसले. कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, चौथ्यानंतर मोजणं सुटलं, डोळा लागला.